लाजवून आवेग आवरत नाही

रविवारची वंदना आटोपली होती. खीर वाटून झाली, लहान मुले बाहेर पळाली आणि विहाराचे दार अर्धे लोटून आतल्या सतरंजीवर बैठक बसली. कल्याणच्या पलीकडची ही वस्ती आमच्या कामाची, रोजच्या ओळखीची. बैठकीचा विषय होता तीस-बत्तीस वर्षांचा एक तरुण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत, पण गोष्ट खरी आहे.

आदल्या गुरुवारी भाजीत मीठ जास्त झाले, एवढ्यावरून त्याने ताट भिरकावले, टीव्ही फोडला आणि भिंतीवर मूठ मारून स्वतःच्याच हाताचे हाड मोडून घेतले. टीव्हीचे हप्ते अजून फिटायचे होते. बायको दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली. वर्षभरातली ही तिसरी वेळ. आणि तो दारू पीत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण असे काही ऐकले की आपण पहिला प्रश्न तोच विचारतो.

बैठकीत प्रत्येकाने आपापला वाटा उचलला. "बाबासाहेबांच्या लेकराला हे शोभतं का?" "तुझा बाप असता तर आज त्याला काय वाटलं असतं?" "तुझ्यामुळे सगळ्या वस्तीची मान खाली गेली." प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तो खाली मान घालून बसला होता. "चुकलं" एवढा एकच शब्द चार-पाच वेळा बोलला. शेवटी त्याच्याकडून तथागतांच्या मूर्तीसमोर शब्द घेतला आणि बैठक उठली. सगळ्यांना बरे वाटले. माना हलवणाऱ्यांत आम्हीही होतो. वीस वर्षे वॉर्डात रुग्णसेवा केलेल्या आम्ही.

नवव्या दिवशी त्याने कपाटाची काच फोडली.

आज या पानावर आम्हाला जे म्हणायचे आहे ते त्या फुटलेल्या काचेपासून सुरू होते. ज्याला आपला आवेग आवरत नाही त्याला लाजवून, चारचौघांत उभे करून, शपथा घालून आवेग आवरता येत नाही. उलट तो वाढतो. त्याला आवरायला शिकवायचे असेल तर त्याच्यात आवरण्याचे जे बळ आधीच आहे ते शोधावे लागते. हे आमचे भाबडेपण नाही. मानसशास्त्राची एक शाखा गेली पंचवीस वर्षे हेच सांगते आहे आणि आपल्या धम्माच्या वाटेवर चालणाऱ्याला ते परके वाटू नये.

हा स्वभाव नव्हे, आजार असू शकतो

प्लास्टरच्या निमित्ताने आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने सांगितलेले वर्णन कोणत्याही पुस्तकात शोभले असते. "ताई, आधी छातीत काहीतरी भरत येतं. कानात आवाज येतो. मग काय होतं ते कळतच नाही. फुटलं की एकदम हलकं वाटतं. आणि पाच मिनिटांनी स्वतःचीच लाज वाटते." आधी ताण, मग कृती, कृतीनंतर क्षणभर सुटका, आणि त्यामागून पश्चात्ताप. हे चक्र ओळखून ठेवा. आवेग-नियंत्रणाच्या विकारांत ते पुन्हा पुन्हा दिसते.

या विकारांत काय काय येते? भडका उडावा तसा राग येणे, ज्याला डॉक्टर 'इंटरमिटंट एक्स्प्लोझिव्ह डिसऑर्डर' म्हणतात. गरज नसलेल्या वस्तू चोरण्याची ऊर्मी, म्हणजे क्लेप्टोमॅनिया. आग लावण्याची ऊर्मी, म्हणजे पायरोमॅनिया. जुगाराचा विकारही पूर्वी याच गटात होता. २०१३ साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली तेव्हा तो व्यसनांच्या गटात गेला, आणि स्वतःचे केस उपटण्याचा विकार मंत्रचळाच्या गटात.

रागीट माणूस म्हणजे रुग्ण, असे मात्र नाही. त्याच पुस्तिकेत स्फोटक रागासाठी मोजमाप दिले आहे. आरडाओरडा, शिवीगाळ किंवा कोणाला इजा न होणारी आदळआपट आठवड्यातून सरासरी दोनदा आणि तीन महिने चालू असेल, किंवा वर्षभरात तीन वेळा मोडतोड वा मारहाण झाली असेल, आणि तो राग कारणाच्या मानाने फार मोठा व आधी न ठरवलेला असेल, तर निदानाचा विचार करतात. सहा वर्षांखालच्या मुलाला हे निदान लावत नाहीत. असा भडका साधारण अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. बहुतेकांत याची सुरुवात लहानपणी किंवा किशोरवयात होते, आणि ज्यांनी लहान वयात मार खाल्ला, अपमान सोसला, त्यांच्यात धोका जास्त असतो. आपल्या वस्त्यांत अशी मुले किती, हे मोजायला आम्हाला कुठे लांब जावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट परिचारिका म्हणून सांगतो. निदान घरी करू नका. दारू, डोक्याला लागलेला मार, थायरॉइड, बायपोलर आजार, मुलांमधला अतिचंचलपणा यांतूनही असाच भडका उडू शकतो. कंपवाताच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांनी, काही रुग्णांना उतारवयात एकाएकी जुगाराची किंवा खरेदीची ओढ लागते. घरचे म्हणतात, "म्हातारपणी चळ लागला." चळ नसतो, गोळीचा परिणाम असतो. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना लगेच सांगावे.

लाज कशी काम करते

आम्ही वॉर्डात होतो तेव्हाची एक बाई आठवते. चांगल्या नोकरीतल्या माणसाची बायको. झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या म्हणून दाखल केलेली. तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या रात्री सलाइन बदलताना म्हणाली, "सिस्टर, मी चोर आहे." दुकानातून केसांच्या पिना, टिकल्यांची पाकिटे, पाच-दहा रुपयांच्या वस्तू उचलायची. पर्समध्ये पैसे असायचे. घरी आणून त्या डब्यात टाकायची, वापरायचीही नाही. एकदा पकडली गेली. दुकानदाराने आडनाव विचारले आणि ऐकल्यावर म्हणाला, "वाटलंच होतं." हे सांगताना ती ज्या आवाजात बोलली तो आवाज आम्ही अजून विसरलो नाही.

पैशासाठी किंवा गरजेपोटी केलेली चोरी वेगळी आणि हा विकार वेगळा. यात वस्तूची गरज नसते, सूडही नसतो. फक्त ऊर्मीचा ताण असतो. स्त्रियांमध्ये हा विकार जास्त आढळतो. पण बंगल्यातल्या बाईने पिना उचलल्या तर घरचे गुपचूप मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात आणि आपल्या बाईने उचलल्या तर तिची जात सिद्ध होते. ज्या देशात १८७१ सालच्या कायद्याने अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसायला १९५२ साल उजाडले, त्या देशात 'चोर' हा शब्द एकट्या माणसाला लागत नाही. त्याच्या मागे पिढ्या उभ्या असतात.

म्हणून आपल्या माणसाला लाजवण्याआधी आपण दहा वेळा विचार केला पाहिजे. बाहेरच्या जगाने त्याला पुरेसे लाजवलेले असते.

यात मानसशास्त्राचाही मुद्दा आहे. 'मी वाईट केले' आणि 'मी वाईट आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य माणसाला भरपाईकडे नेते. दुसरे त्याला कोपऱ्यात ढकलते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांबरोबर काम करताना दाखवून दिले, की एकदा पाय घसरला आणि 'आता सगळेच संपले, आपण असलेच' असे माणसाला वाटले, की छोट्या घसरणीची मोठी पडझड होते. आपल्या विहारातल्या बैठकीने नेमके हेच केले. 'तू असाच आहेस' हे त्याच्या मनात पक्के केले, आणि नवव्या दिवशी तो तसाच वागला.

"मागं पोरं असतात"

हा तरुण शाळेची व्हॅन चालवतो. सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास, सोळा मुले, खड्डे, हॉर्न, मधे घुसणाऱ्या रिक्षा. हात बसेपर्यंत गाडी बंद होती, म्हणजे कमाईही बंद. बोलता बोलता आम्ही त्याला विचारले, "गाडीत नाही का रे राग येत?"

"येतो ना ताई. आई-बहिणीवरून शिव्या देतात लोक."

"मग?"

"मग काय... मागं पोरं असतात."

तो हे अगदी सहज बोलला. पण आम्ही पेन खाली ठेवले. ज्या माणसाला राग आवरता येत नाही म्हणून सगळ्या वस्तीने शिक्का मारला, तो माणूस रोज चार तास राग आवरतो. सहा वर्षांत एकदाही मुलांसमोर त्याचा आवाज चढला नाही, हे नंतर आम्ही पालकांना विचारून पाहिले. बैठकीत बारा माणसे बोलली, त्याच्या तीन स्फोटांची यादी झाली. न झालेल्या हजारो स्फोटांची यादी कोणी केली नाही.

सकारात्मक मानसशास्त्र सुरू होते ते इथून. १९९८ साली मार्टिन सेलिगमन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी आपल्या व्यवसायाला सांगितले की आपण माणसाचे काय बिघडले एवढेच पाहत आलो. काय शाबूत आहे, कशाने तो उभा राहतो, हेही शास्त्रानेच तपासले पाहिजे. २००४ साली क्रिस्टोफर पीटरसन आणि सेलिगमन यांनी चोवीस गुणबळांची मांडणी केली. धैर्य, दयाळूपणा, न्यायबुद्धी, कृतज्ञता, चिकाटी, आणि त्यातच एक आत्मनियमन. म्हणजे आवेग आवरणे हे त्यांच्या लेखी एक बळ आहे. ते कोणात कमी असते, कोणात जास्त, पण अजिबात नाही असा माणूस विरळा.

'हसत राहा, सगळे चांगले होईल' असे सांगणारे वक्ते हल्ली गल्लोगल्ली आहेत. ते म्हणजे सकारात्मक मानसशास्त्र नव्हे. आणि हे औषधाला पर्यायही नाही. या सरावांची तपासणी जास्त झाली ती उदासीनता आणि समाधान यांच्या बाबतीत. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात, रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही बरे वाटत होते. स्फोटक राग आणि क्लेप्टोमॅनिया यांवर मुख्य उपचार आजही विचार-वर्तन उपचारपद्धती आणि गरजेप्रमाणे औषधे हाच आहे. स्फोटक रागावर फ्लुऑक्झेटीन आणि चोरीच्या ऊर्मीवर नाल्ट्रेक्झोन यांचा उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत. पण ती डॉक्टरांनीच द्यायची. बळ शोधण्याचे काम हे या उपचाराला दिलेला आधार आहे. गोळी ऊर्मीची धार कमी करते, पण उपचार अर्ध्यावर न सोडता पुन्हा जायला माणसाला काहीतरी कारण लागते. ते कारण लाज देऊ शकत नाही.

आम्ही काय केले

पहिले म्हणजे त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेलो. निदान झाले, गोळी सुरू झाली, गाडी चालवण्याबद्दलही डॉक्टरांनी नीट चौकशी केली. समुपदेशकाकडे पंधरा दिवसांनी जायचे ठरले. आणि मधल्या दिवसांसाठी त्यांच्याच सल्ल्याने आम्ही चार गोष्टी धरल्या. कोणत्याही घरी धरता येतील अशा आहेत म्हणून सांगतो.

एक, बळाची वही. शंभर पानी साधी वही. रोज रात्री एकच नोंद: आज कुठे राग आला आणि आवरला, आणि कशामुळे आवरला. स्फोटाची नोंद करायची नाही असे नाही, पण आवरल्याची नोंद चुकवायची नाही. पहिल्या आठवड्यात त्याने लिहिले, "पाण्याच्या रांगेत भांडण झालं. बाजूला झालो. मागं पोरं आहेत असं समजलो." म्हणजे त्याने आपणहूनच गाडीतले बळ नळावर नेले. आम्ही शिकवले नव्हते.

दोन, जर-तरचा बेत. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवले आहे की 'मी रागावणार नाही' अशा मोघम निश्चयापेक्षा 'जर असे झाले तर मी अमुक करीन' असा नेमका बेत जास्त पाळला जातो. त्याचा बेत होता: जर छातीत भरून आले, तर ताट खाली ठेवायचे, "येतो" एवढेच म्हणायचे आणि गाडी उभी असते तिथपर्यंत चालत जायचे. 'येतो' हा शब्द बायकोशीही ठरवून घेतला, म्हणजे तो उठून गेला की तिने मागून हाक मारायची नाही.

तीन, ऊर्मीची लाट. ऊर्मी चढते, शिखरावर येते आणि उतरते. तिच्याशी झटापट करायची नाही, तिच्या मागे वाहतही जायचे नाही. श्वासावर लक्ष ठेवून ती कुठे जाणवते ते पाहत राहायचे. ही रीत मार्लट यांनी आपल्या रुग्णांना शिकवली. ती कुठून आली हे ऐकले की आपल्या लोकांना बरे वाटेल. मार्लट स्वतः ध्यान करणारे होते, आणि त्यांच्या गटाने सिॲटलमधल्या एका कारागृहात विपश्यनेच्या शिबिरांचा अभ्यास केला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. शिबिर केलेल्या बंद्यांमध्ये सुटकेनंतर दारू आणि ड्रग्जचे सेवन कमी आढळले. बुद्धाने सांगितलेली गोष्ट सातासमुद्रापलीकडे प्रयोगाला लागते आणि आपण विहारात बसून माणसाला शपथा घालतो!

चार, घसरल्यावर काय करायचे ते आधीच ठरवणे. विचार करा, पंचशील आपण आयुष्यात एकदाच का ग्रहण करत नाही? लग्नात घेतो, नामकरणात घेतो, पुण्यानुमोदनाला घेतो, दर रविवारी घेतो. कारण ती देवाने घातलेली आज्ञा नाही, की मोडली आणि पापी झालो. ती शिक्षापदे आहेत, शिकण्याची पायरी आहे. चुकलो तर पुन्हा घ्यायची. सम्यक व्यायामाचे चार भाग आपल्याला ठाऊक आहेत: न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले कुशल राखणे, वाढवणे. आपल्या बैठका पहिल्या दोन भागांवरच थांबतात. उरलेले दोन भाग म्हणजेच बळाची वही.

तर ठरले असे की घसरण झाली तर त्याच दिवशी भरपाई करायची. जे मोडले ते स्वतःच्या कमाईतून आणायचे, ज्याला दुखावले त्याला सबबी न सांगता माफी मागायची, आणि वहीत लिहायचे की यावेळी बेत कुठे कमी पडला.

आठ महिने झाले. या काळात तो दोनदा घसरला. एकदा मोबाइल आपटला, एकदा दरवाजा. कोणाला हात लावला नाही. तो बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण आधी तो वर्षाचे हप्ते फेडायचा ते फोडलेल्या वस्तूंचे, आता त्याने वहीची तिसरी शंभर पाने सुरू केली आहेत.

तिचे काय?

हा लेख वाचून आमच्या महिला मंडळातली एखादी बाई विचारेल, आणि विचारलेच पाहिजे: "म्हणजे ताट फेकणाऱ्याला आता हार घालायचा? आणि मी काय करायचं?"

बाई, तुमची सुरक्षितता आधी. त्याचा उपचार नंतर. आजाराचे निदान म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे. जो नवरा साहेबासमोर, पोलिसासमोर, भावांसमोर शांत राहतो आणि दार लावल्यावर फक्त तुमच्यावरच हात उचलतो, त्याचा आवेग आवरत नाही असे समजू नका. कुठे आवरायचे हे त्याला बरोबर कळते. ते वर्चस्व आहे. "मग तुमचा हा तरुणही गाडीत आवरतोच की," असे कोणी म्हणेल. रास्त प्रश्न आहे. म्हणूनच निदान डॉक्टरांनी करायचे, आणि म्हणूनच आवरता येते हे कळल्यावर आवरण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. बळ दाखवून देणे म्हणजे सूट देणे नव्हे. उलट 'मला जमतच नाही' ही सबब त्यामुळे उरत नाही.

त्याची बायको तीन महिन्यांनी परत आली ती तिच्या अटींवर. गोळी तिच्या डोळ्यांसमोर घ्यायची, पगार तिच्या हातात, आणि पुन्हा काही झाले तर ती कोणाला न विचारता निघेल. तिच्या अटींना विहाराच्या समितीने पाठिंबा दिला. आमच्या मते समितीने वर्षभरात केलेले ते सर्वांत चांगले काम होते. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२ हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तुमच्यासाठीच आहे.

आणि आपला राग?

शेवटचा मुद्दा अवघड आहे, पण टाळता येणार नाही. राग आवरण्याच्या गोष्टी बोलू लागलो की आपल्या तरुणांना शंका येते, आणि ती खरीच आहे: आम्हाला थंड करायचे आहे का? अत्याचाराची बातमी वाचून ज्याचे रक्त तापते त्याला कोणी गोळी देऊ नये. अन्यायावरचा राग आजार नाही. तो न येणे ही काळजीची गोष्ट आहे. घाणीत उतरणाऱ्या सफाई कामगाराला 'कृतज्ञता वही' देऊन हातमोजे आणि यंत्र न देणारे सकारात्मक मानसशास्त्र आम्हाला नको.

पण महाड आठवा. मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, बायका-मुलांनाही मार बसला. प्रत्युत्तर द्यायला शेकडो हात तयार होते, फक्त एका शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. शांत राहायला सांगितले. त्यांना राग आला नसेल असे कोण म्हणेल? तो राग त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनात दिसला. तो राग न्यायालयात गेला आणि दहा वर्षे लढला; मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला. राग विझवला नाही, त्याला दिशा दिली. भाजीतल्या मिठावर जो राग सांडतो तो महाडपर्यंत कधीच पोहोचत नाही. आवरणे हे दुबळ्याचे लक्षण आहे असे ज्याला वाटते, त्याने ती दहा वर्षे मोजावीत.

आपल्याला काय करता येईल

विहारांच्या समित्यांना आमचे सांगणे आहे: चारचौघांत समज देण्याच्या बैठका बंद करा. दोन जाणत्या माणसांनी घरी जाऊन बोला. बायकोशी वेगळे बोला, आणि आधी बोला. ज्याला उपचार हवा त्याच्यासोबत पहिल्या वेळी रुग्णालयात जा. पहिली पायरी एकट्याने चढवत नाही. मोफत फोनवर समुपदेशनासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. जात, लिंग, गरिबी यांवरून भेदभाव करता येत नाही. औषध संपले म्हणून परत पाठवले तर लेखी मागा. हक्क मागणेही एक बळच आहे.

आणि त्या माणसाला काहीतरी काम द्या, सन्मानाचे. आमच्या तरुणाकडे समितीने रविवारी मुलांना विहारात आणण्या-पोहोचवण्याचे काम दिले. तेच काम, जिथे त्याला स्वतःचे बळ दिसते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची हकीकत घेतली आहे. ज्याच्या भीतीने गावे ओस पडली त्याच्याकडे बुद्ध एकटे चालत गेले, आणि नंतर त्याला संघात जागा दिली. आधी सुधारून दाखव, मग ये, असे म्हणाले नाहीत.

परवा त्या बैठकीतल्या एका काकांनी आम्हाला विचारले, "पोरगा सुधारला म्हणता, मग आमच्या त्या शब्द घेण्याचा काहीच उपयोग झाला नाही का?" आम्ही म्हणालो, "काका, त्या दिवशी मान आम्हीही हलवली होती. त्याची माफी आम्ही त्याच्याकडे मागितली. तुम्हीही मागा." काका गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारी येतो का तो?"

येतो. मुलांना घेऊन, वेळेच्या आधी दहा मिनिटे.

जयभीम.